जुम्मा दरवाज्याचा राजीनामा

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ जून २०२४

ती. इंदूताईस,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या घराण्यात पत्र आलं की पहिली शंका तीच येते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

फोनच केला असता, पण माझा उजवा कान निवृत्त झाला आहे आणि डावा बहुतेक रजेवर असतो. निम्मं ऐकू येतं, निम्मं मी मनाने भरतो. मागे तू गुडघ्याचं ऑपरेशन म्हणालीस आणि मी तुझं अभिनंदन केलं, ते यामुळेच.

काम असं आहे. कलावती जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा भार्गव हैदराबादला, दर रविवारी फोन करतो आणि मी 'हो हो' म्हणतो. जिल्हा कोर्टात तेहतीस वर्षं जजसाहेबांच्या शेजारी बसून फाइली पुढे केल्या, आता पुढे करायला काही उरलं नाही. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी नागपूर बांधलं आहे. हसू नकोस. १८१७ च्या डिसेंबरचं नागपूर आहे, गल्ल्या, तट आणि जुम्मा दरवाज्यासकट. इंग्रजांनी बाहेरची लढाई जिंकली होती, पण भोसल्यांच्या चाकरीतले अरब शिपाई शहरात दार लावून बसले आणि काही केल्या दरवाजा देईनात. तो वेढा मला खेळायचा आहे.

बोटाएवढे शिपाई आहेत, फासे आहेत, नियमांची वही आहे. समोर माणूस नाही. इतके दिवस मी या खुर्चीत बसून इंग्रज होतो आणि त्या खुर्चीत बसून अरब. दोन्हीकडचं मनातलं मला आधीच ठाऊक, त्यामुळे कोणी हरत नाही आणि कोणी जिंकत नाही.

तू आमच्याकडे, म्हणजे तुझ्या मामाकडे, शिकायला होतीस तेव्हा दिवाळीच्या किल्ल्यावरचं माझं सैन्य दरवर्षी कापून काढायचीस. म्हणून विचारतो. पत्राने खेळशील का? तू इंग्रज, मी अरब. नकाशा आणि सैन्याची यादी सोबत आहे.

तुझा,
यज्ञेश्वर


कोथरूड, पुणे
२४ जून २०२४

चि. यज्ञूस,

अनेक आशीर्वाद. दचकले होतेच. पाकीट सूनबाईंनी, म्हणजे भावनाने, आणून दिलं आणि कोण गेलं ते ऐकायला तीही दारात थांबली. रायपूरच्या भावाने टेबलावर नागपूर बांधलंय म्हटल्यावर स्वयंपाकघरात निघून गेली.

खेळते. पण पंचाहत्तराव्या वर्षी मला इंग्रज केलंस हे काही बरं नाही. आणि फासे कोण टाकणार? तू टाकणार असशील तर मी आत्ताच हरले. कॅरम खेळताना सोंगट्या बाहीत सरकवायचास, ते मी विसरलेले नाही. नियम सोपे कर, मोजपट्ट्या मला जमायच्या नाहीत.

इकडे सगळं छान. घर भरलेलं आहे. इंद्रजीत, भावना, रुचिता, अच्युत, दिवसभर ये-जा चालू. मला बोलायला उसंत म्हणून नसते.

तुझी,
इंदूताई


रायपूर
३ जुलै २०२४

ती. ताईस,

तोफांची सलामी. फासा तुझा तू टाक. खोटं बोललीस तर मला इथे कळणार नाही, आणि शपथेवर खोटं बोलणारी इतकी माणसं मी पाहिली आहेत की त्याचं मला काही वाटणारही नाही.

नियम एवढाच. दरवाज्यात बारा दगड आहेत. दर पत्राला तू फासा बारा वेळा टाकायचा. जितक्यांदा सहा पडतील तितके दगड निखळले. बारावा निखळला की दरवाजा पडला आणि खेळ संपला. मधल्या काळात मी गच्चीगच्चीवरून अरब हलवीन आणि तुझे किती शिपाई पडले ते कळवीन.

तुझं सैन्य कमी पडत होतं, म्हणून परवा गोल बाजारात लोकेशच्या दुकानात गेलो. गुलाबरावांचा मुलगा, तुला गुलाबराव आठवत असतील, भांडी विकायचे. हा खेळणी विकतो. प्लास्टिकच्या शिपायांची चार पाकिटं काढायला सांगितली तर म्हणतो, "काका, इतके सिपाही काहून घेऊन राहिले? नातू आला का?" म्हटलं, "नाही रे, मीच खेळून राहिलो." तो हसला. मग त्याने पाकिटं बांधून दिली.

घरं मी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची केली आहेत. वीस वर्षांच्या पत्रिका कलावतीने जपून ठेवल्या होत्या. छप्पर उचललं की आत कुणाचा तरी शुभविवाह निघतो.

यज्ञेश्वर


पुणे
१५ जुलै २०२४

चि. यज्ञूस,

अच्युतच्या लुडोमधला फासा पळवला आणि पोळपाटावर टाकला, म्हणजे घरंगळत नाही. दोन सहा पडले. दोन दगड लिहून ठेव.

पण मला एक सांग. तुझ्या यादीत चारशे अरब, सहा तोफा, बारा घोडे. बायका कुठे आहेत? शहर म्हणतोस ना त्याला? पाणी कोण भरतंय, पोरांना कोण गप्प करतंय? तोफेचा गोळा काय फक्त शिपायाच्या गच्चीवर पडतो? आधी माणसं वसव, मग मी पुढचा गोळा टाकीन. नुसत्या पुठ्ठ्यांवर तोफा डागायला मला लाज वाटते.

इंदूताई


रायपूर
२६ जुलै २०२४

ती. ताईस,

तुझं म्हणणं वहीत कुठेच नव्हतं. नियम करणारे सगळे पुरुष आणि मीही त्यांतलाच. आठ दिवस बसून एम-सीलच्या तेवीस बायका केल्या आणि अकरा पोरं. पहिलीच्या डोक्यावर हंडा दिला आणि पदर खोचला, तर ती हुबेहूब कलावती झाली. मग पुढचे दोन दिवस हात चालला नाही. तिला मी दरवाज्यापासून लांब, विहिरीपाशी ठेवलं आहे. तिकडे गोळा टाकू नकोस.

एक बातमी आहे. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हा वेढा मांडायचा ठरतो आहे, डिसेंबरमध्ये. तीस-चाळीस माणसं येतील. लोक विचारतात, समोरून कोण खेळतंय? मी सांगतो, पुण्याच्या एक बाई आहेत, फार निर्दय.

यज्ञेश्वर


पुणे
२८ ऑगस्ट २०२४

चि. यज्ञूस,

या वेळी एकच सहा. म्हणजे आजवर दोन, तीन, एक, चार आणि हा एक. अकरा झाले. तुझ्या दरवाज्याला आता एकच दगड उरला आहे, सांभाळ.

तू गच्चीवरून माझे नऊ शिपाई मारलेस त्याचा राग आला आणि जेवताना मी ते बोलून दाखवलं. इंद्रजीतने फोनमधून मान वर करून विचारलं, "कुठले शिपाई?" मी सांगायला लागले तोवर मान परत खाली गेली होती. असो. घर भरलेलं आहे, एवढं चालायचंच.

इंदूताई


रायपूर
१८ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,

चार पत्रं झाली, बारावा दगड जागचा हलत नाही. तू प्रत्येक वेळी लिहितेस, या वेळी एकही सहा नाही. चार वेळा बारा म्हणजे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस वेळा फासा टाकून एकदाही सहा पडू नये, असा फासा अजून घडायचा आहे. मी इथे टाकून पाहिला. आठ सहा पडले.

रागावलो नाही. मला समजलं. फासा आता तू टाकतच नाहीस, म्हातारा बसलाय वाट बघत म्हणून चार ओळी लिहून पाठवतेस. भरल्या घरातून तेवढा वेळ काढतेस, हेच पुष्कळ. पण कुणाच्या गळ्यात धोंड होऊन राहायला मला आवडत नाही.

तेव्हा ताई, माझ्याकडून राजीनामा. तू हो म्हण, म्हणजे बाकीचं पुढच्या पत्रात लिहितो.

यज्ञेश्वर


पुणे
२८ ऑक्टोबर २०२४

यज्ञेश्वर,

राजीनामा मिळाला. मंजूर आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा.

इंदू


रायपूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

तुझ्या दोन ओळी वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. मंजूर. इतक्या झटकन हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. लोकेशच्या दुकानात जाऊन त्यालाही सांगून आलो आणि त्याने चहा पाजला.

आता ऐक. इतिहासात त्या वेढ्याची अखेर तीस डिसेंबरची आहे. आपणही त्याच दिवशी करू, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. दरवाज्याबाहेर तुझी खुर्ची, आतल्या बाजूला माझी. मी पांढरं निशाण करून ठेवलं आहे, कलावतीच्या जुन्या रुमालाचं. तू येच. पन्नास वर्षांत रायपूरला आलेली नाहीस. बूढा तालाब आता तुला ओळखूही येणार नाही.

यज्ञेश्वर


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

यज्ञेश्वर,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा संताप आला. खेळ तू सोडलास. कंटाळा तुला आला, तो माझ्या नावावर घातलास आणि मोकळा झालास. मी मुकाट्याने मंजूर केलं. आता त्याचा सोहळा करणार, चाळीस माणसं बोलावणार, चहा पिणार, आणि मी तिथे येऊन खुर्चीत बसू? माणूस सोडून गेल्याचा कुणी उत्सव करतं का?

खरं सांगते, कारण आता लपवून काय करायचं आहे. दर दहा दिवसांनी पोस्टमन यायचा, तेवढाच एक दिवस माझा होता. बाकीच्या दिवशी मी जेवते, औषध घेते आणि कुणाच्या पायात येणार नाही अशी बसते. नकाशा परत पाठवते आहे. फासा अच्युतच्या डब्यात ठेवून दिला.

इंदू


रायपूर
२३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

पाकिटातून नकाशा निघाला. काय चुकलं ते कळेना. तुझं पत्र घेऊन शेवटी लोकेशकडे गेलो. त्याची बायको मीनल साताऱ्याची. तिने तुझं पत्र वाचलं, मग मी तुला काय लिहिलं होतं ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "काका, आमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याची चिठ्ठी."

ताई, आमच्याकडे तसं नाही. नोकरी सोडायची ती इथे इस्तीफ्याने. इथल्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट. दोन्ही पक्ष राजी झाले, दोघांनी एका कागदावर सह्या केल्या, की आम्ही बाहेर येऊन सांगायचो, राजीनामा हो गया. अभनपूरचे दोन भाऊ एका बांधासाठी नऊ वर्षं आमच्या कोर्टात लढले. राजीनामा झाला त्या दिवशी दोघं एकाच सायकलवर बसून घरी गेले, मी खिडकीतून पाहिलं. तेहतीस वर्षांत त्याच्याइतका चांगला शब्द माझ्या तोंडून गेला नाही आणि तोच मी तुला पाठवला. आणि तू मंजूर म्हणालीस ते मला खरं वाटलं. असा आपला ध चा मा झाला.

नागपुरातही तेच झालं होतं. अरब हरले नाहीत. अटी ठरल्या आणि ते बायकापोरं, सामान, आपली हत्यारं घेऊन दरवाज्यातून चालत बाहेर पडले. मला तेवढंच म्हणायचं होतं. फासा टाकायचा कंटाळा आला असेल तर नको टाकूस, पण समोर येऊन बस. सोडून जायला मी कुठे जाणार होतो? एकट्याचा राजीनामा इथे होत नाही ग. त्याला दोन माणसं लागतात, आणि माझ्याकडे तेवढी नाहीत.

यज्ञेश्वर


पुणे
२ डिसेंबर २०२४

चि. यज्ञूस,

अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्रात ते लिहिले नव्हते तेही यात धर.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग देवघरात जाऊन रडले, कारण आमच्या घरात दार लागतं ते तेवढंच.

आता माझा गुन्हा ऐक. फासा मी टाकत होते. प्रत्येक वेळी बाराच्या बारा वेळा, पोळपाटावर. सप्टेंबरच्या पहिल्याच पत्राला सहा पडले, तेही दोनदा. दरवाजा तेव्हाच पडला होता, यज्ञू. मी लिहिलं नाही. तो पडला की खेळ संपला, असं तूच लिहिलं होतंस. मग पोस्टमन कशाला आला असता? पुढच्या तीनही वेळा सहा पडले आणि तीनही वेळा मी खोटं लिहिलं. कंटाळा नाही रे आला. भीती वाटली. तू म्हणाला होतास, शपथेवर खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिलीस. त्यांत आता तुझी बहीणही धर.

इंद्रजीतला म्हटलं, मला रायपूरला जायचं आहे. तो म्हणाला, तिथे आहे कोण? मी म्हटलं, मंडळाच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम आहे. त्याने तिकीट काढून दिलं. अठ्ठावीसला संध्याकाळी निघते, एकोणतीसला दुपारी पोचते. रुचिताने तर विचारलं, आजी, भाषण करणार का? आता कळव, माणसं नक्की किती येणार आहेत, आणि मी इरकल नेसू की साधीच सुती? इतक्या लोकांसमोर बसायची सवय गेली आहे.

इंदूताई


रायपूर
१० डिसेंबर २०२४

ती. ताईस,

दरवाजा सप्टेंबरातच पडला होता, हे वाचून मी टेबलाजवळ गेलो. तीन महिने मी पडलेला दरवाजा राखत होतो. राग यायला हवा होता, तो आला नाही. फार दिवसांनी कुणी माझ्यासाठी खोटं बोललं.

तू खरं बोललीस तेव्हा मलाही बोललं पाहिजे. तू निघण्याआधी पत्र मिळावं म्हणून आजच स्पीड पोस्टाने टाकतो आहे.

हॉल नाही. कधीच नव्हता. मंडळात मी कुणाला विचारलंदेखील नाही. दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने बाहुल्या मांडतो म्हणून कसं सांगायचं? तुला लिहिलं ते अशासाठी, की पुण्याहून एवढ्या लांब एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या जेवणाच्या टेबलासाठी कोण येणार? हॉल म्हटलं, चाळीस माणसं म्हटलं, तर कदाचित येईल. समोरून कोण खेळतंय म्हणून मला कुणी विचारलेलं नाही.

इथे कुणी नाही, ताई. मी आहे, दोन खुर्च्या आहेत आणि ते नागपूर आहे. तू इरकल नेसलीस तरी पाहायला कुणी येणार नाही. इंद्रजीत विचारतो ते बरोबर आहे. तिकीट रद्द करायचं असलं तर अजून वेळ आहे, तू बिनधास्त कर. माझं काही म्हणणं नाही.

यज्ञेश्वर


पुणे
१७ डिसेंबर २०२४

चि. यज्ञूस,

अनेक आशीर्वाद. पत्र काल मिळालं. हॉल नाही ते एका परीने बरंच झालं, चाळीस माणसांसमोर मला घाम फुटला असता. इंद्रजीतला मी ते सांगितलेलं नाही. रुचितासमोर रोज भाषणाची तयारी करते आहे, ती ऐकून घेते. तेवढ्याने आमचं बोलणं होतं.

स्टेशनवर ये. डबा एस चार. मला तू ओळखू येणार नाहीस, तेव्हा तूच हाक मार, आणि मी काय म्हणते ते ऐकू आलं नाही तर मनाने भरू नकोस, परत विचार.

इथे घरात आम्ही पाच माणसं आहोत. काय करतेस, कशी आहेस, असं जूनपासून मला विचारणारं माणूस एकच, आणि ते रायपूरला राहतं. त्याच्याकडे जायला हॉल कशाला लागतो?

तिकिटाचं म्हणालास, तर तुझं ऐकलं. आज सकाळी इंद्रजीतला सांगून रद्द करायला लावलं. परतीचं होतं, ते.

तुझी,
इंदूताई